भुईचाफ्याची रिकामी जागा

मंडळी, बसा. पुढे सरका जरा, मागे खांबाला टेकलेले तुम्हीही या. आज मी एकच प्रश्न घेऊन उभा आहे, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत आरतीचं तबक काही हातात घेणार नाही. प्रश्न असा — ज्याच्यावर आपली माया असते, नेमकी त्याच्याच मागे आपण घाई का लावतो? परका माणूस असेल तर आपण म्हणतो, "होऊ द्या हो सावकाश." आणि घरचा असेल तर? "आटप! किती वेळ! झालं का?" आता तुम्ही म्हणाल, बुवा, ही घाई मायेपोटीच होते. असेल! पण मायेपोटी झाली म्हणून ती पुण्याची होते का?

लगेच माना हलवू नका. आणि बंडूतात्या, तुम्ही पखवाजावर एवढ्यात थाप मारू नका, माझी ओळ म्हणायची राहिली आहे. ओळ माझीच आहे, तोडकीमोडकी, गोड मानून घ्या —

पेरणाऱ्याने पेरावे । राखणाऱ्याने राखावे ।
उगवणाऱ्याला द्यावे । दिवस त्याचे ॥

हं, आता वाजवा.

तर ऐका. देवरुखच्या अंगाला एका गावात जनार्दन शेट्ये नावाचे गृहस्थ राहत होते. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, लोक त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणायचे. काम काय? फलाटावर गाडी लागली, वाहकाने कागद दाखवला, की शिट्टी मारायची आणि म्हणायचं, "चला, सोडा गाडी!" तीस वर्षं हेच. त्यामुळे झालं काय, की घरीसुद्धा माणूस जेवायला बसला तर ताटात आमटी पडायच्या आत भात कालवायला सुरुवात! झोप लागायच्या आत गजर लावलेला. बायको देवळात नमस्काराला वाकली, की हे बाहेर चपला घालून उभे.

(हसताय काय? तुमच्या चपला कुठे आहेत ते मला इथून दिसतंय. काकू, तुम्ही तर पायातच घालून बसलात.)

साहेबांच्या पत्नी सुलभाताई. माउली अगदी उलट. घरामागे परसदारी दोन खोल्यांएवढी जागा, आणि त्यात काय नाही? तेरडा, सोनटक्का, अबोली, शेवंती, मोगरा. विहिरीच्या कडेला गवती चहा, पुदिना, अडुळसा. खोकला झाला की अर्धी आळी त्यांच्या दारात अडुळशाची पानं मागायला. नाहीतर आमच्याकडचे भक्त! पहाटे फिरायला निघतात, हातात पिशवी, पिशवीत आकडी, आणि दुसऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद तोडून आपल्या देवाला वाहतात. पुण्य कुणाचं आणि पाप कुणाचं, देवालाही हिशेब लागत नसेल. असो.

साहेब निवृत्त झाले आषाढात, आणि श्रावणात सुलभाताईंवर घाला पडला. मेंदूत गुठळी. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. समजायचं सगळं, बरं का! आत शब्द होते, पण ओठापर्यंत यायचे नाहीत. बोलायला शिकवणारी एक मुलगी आठवड्यातून एकदा घरी येऊ लागली, निलोफर काझी तिचं नाव. वयाने लहान, पण समज मोठी. तिने साहेबांना बजावलं, की काका, काकूंना काही विचारलंत की गप्प बसायचं. मनात वीस मोजायचे. तोवर दुसरा प्रश्न नाही, उत्तर सुचवायचं नाही, हातवारे नाहीत.

वीस! तीस वर्षं शिट्टी मारलेला माणूस, तो वीस मोजणार? एक, दोन, तीन… सातवर आला की सुटलीच गाडी. "पाणी हवंय का? चहा? पंखा लावू? म्हण ना, पाणी म्हण. पा… पा…" बिचारी घामाघूम व्हायची. डोळे मिटून घ्यायची. आणि ह्यांना आणखी भीती, की ही आता कधीच बोलणार नाही. जीव होता हो त्या बाईवर. पण जीव होता म्हणूनच तर सगळा घोळ.

घरात करमेना, म्हणून साहेब बागेत शिरले. सुलभाताईंची खुर्ची मागच्या पडवीत असायची, तिथून त्यांना परसदार दिसायचं. बाग राखली तर ती खूश होईल, हा विचार. विचार चांगला! पण कृती बघा. वही केली. वहीत शेवंती, अबोली, पुदिना, प्रत्येकापुढे लावल्याची तारीख आणि फुलण्याची तारीख. बागेचं वेळापत्रक! पुदिन्याला दिवसातून तीनदा पाणी, पुदिना कुजला. गवती चहाची रोज कापणी, त्याला टक्कल पडलं. आश्विन सरला, शेवंतीला कळ्या आल्या, पण वहीतली तारीख उलटून चार दिवस झाले तरी एक उमलेना. मग साहेबांनी काय केलं? बसले तिथे उकिडवे, आणि बोटांनी कळीच्या पाकळ्या एकेक उघडल्या! दुसऱ्या दिवशी सगळी फुलं तपकिरी. पडवीतून सुलभाताई हे पाहत होत्या. काय वाटलं असेल? रोज संध्याकाळी त्यांच्या ओठांशी हाच खेळ चालला होता ना!

आता खरी गोष्ट येते. धुण्याच्या दगडाशेजारी एक वाफा होता. कार्तिकात त्याची पानं पिवळी झाली, आडवी पडली, मार्गशीर्षात नाहीशीच झाली. उरली नुसती माती. साहेबांना रिकामी जागा बघवेना. डेपोत फलाट रिकामा म्हणजे गाडीला उशीर, हे डोक्यात बसलेलं. एका सकाळी कुदळ घेतली आणि घातला घाव.

पडवीत खुर्चीच्या हातावर सुलभाताईंचा डावा हात आपटायला लागला. तोंडातून आवाज येत होता, "अ… अ…" साहेब धावत वर आले. चहा का? नाही. पाणी? नाही. ऊन लागतंय? मोजले का वीस? दोनसुद्धा नाही मोजले! शेवटी चहाच करून दिला, खुर्ची फिरवून सावलीत केली, आणि खाली जाऊन उरलेलं खणलं. आलं-हळदीसारखी गड्डी निघाली मातीतून. कसली तरी मुळं म्हणून फणसाखालच्या पालापाचोळ्याच्या ढिगावर फेकून दिली. वाफ्यात लावली गुलाबाची सहा कलमं.

त्या दिवसापासून सुलभाताईंनी प्रयत्नच सोडला. निलोफर यायची, चित्रं दाखवायची, ओठ कसे करायचे ते दाखवायची. सुलभाताई खिडकीकडे बघत बसायच्या. महिना झाला, दोन झाले. माघात निलोफरने साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं, की काका, गुठळी विरघळली, पण काकूंचं मन खचलंय. माणूस बोलू पाहतो तोवर आशा असते. त्यांनी बोलू पाहणंच थांबवलं, तर मी काय शिकवू?

त्या रात्री साहेब जेवले नाहीत. बाई बोलेल की कायमची मुकी राहील, हा प्रश्न आता घरात उंबऱ्यावर येऊन बसला. आणि ह्यांना कळेना आपलं चुकलं कुठे. फाल्गुन गेला. चैत्राच्या उन्हात गुलाबाची कलमं करपली, सहाच्या सहा.

वैशाख लागला. सकाळी साहेब झाडू घेऊन फणसाखाली गेले, आणि वास आला. थांबले. हा वास ओळखीचा! कुठला? आणि मग आठवलं, मंडळी. दर उन्हाळ्यात, पहिल्या पाळीला निघताना, सुलभाताई त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात एक फूल टाकायच्या. दिवसभर डेपोच्या डिझेलच्या धुरात तो वास खिशातून यायचा. तीस वर्षं! आणि ह्या माणसाने एकदाही विचारलं नाही, अगं, हे कुठल्या झाडाचं? विचारायला थांबला असता तर गाडी चुकली असती ना!

खाली बघतात तर त्या ढिगाऱ्यावर, सुक्या पाल्यातून, ना देठ ना पान, जमिनीतून थेट वर आलेली पाच फुलं. पांढरी, पोटात जांभळी. भुईचाफा! थंडीत मेल्यासारखा मातीखाली निजतो आणि उन्हाच्या कहरात आधी फूल काढतो, पानं नंतर. आपण काय खणून फेकलं, ते साहेबांना तेव्हा उमगलं. खुर्चीवर आपटणारा तो हात का आपटत होता, तेही उमगलं. माणूस तिथेच खाली बसला आणि रडला.

रडला, पण किती वेळ? स्वभावाला औषध नसतं! लगेच उठला, कुदळ घेतली. गुलाबाच्या काटक्या उपटल्या, वाफा उकरला, आता ही फुलं मुळासकट उचलायची आणि आत्ताच्या आत्ता जागेवर लावायची. ढिगाऱ्यात कुदळ घालणार, तेवढ्यात मागून, पडवीतून आवाज आला.

"थांबा."

जाड आवाज, गंजलेला. पण शब्द पुरा होता. नऊ महिन्यांनी पहिला शब्द, आणि तो हा! मंडळी, हाच शब्द त्या बाईच्या तोंडात आयुष्यभर होता. उच्चारायला जागा मिळाली नव्हती.

साहेब वळले. तोंड उघडलं. काय म्हणणार होते, तुम्ही सांगा. "काय म्हणालीस? परत म्हण!" ओठांवर आलं होतं. पण त्यांनी कुदळ खाली ठेवली, पडवीच्या पायरीवर तिच्या पायांशी बसले आणि मोजायला लागले. सात झाले. वीस झाले. शंभर झाले. विहिरीवर कावळा येऊन पाणी पिऊन गेला. तीनशेच्या पुढे कुठेतरी ती म्हणाली, "पाऊस… पडू दे. मग लावा."

साहेबांनी नुसती मान हलवली. उठून एक फूल खुडलं आणि ह्या वेळी तिच्या हातात दिलं.

ही झाली त्यांची गोष्ट. आता माझी सांगतो, लाज वाटते पण सांगतो. माझे वडील शेवटी शेवटी थरथरायचे. शर्टाचं बटण लावायला त्यांना पाच मिनिटं लागायची. मी कीर्तनाला निघायच्या घाईत असायचो, त्यांचे हात बाजूला करून बटण मीच लावायचो. सेवा केली असं वाटायचं मला! एक दिवस ते म्हणाले, "बाळा, एवढं एकच काम उरलंय रे मला." आज वडील नाहीत. बटणं लावायला वेळच वेळ आहे, पण शर्ट कुणाचा आणू?

तुमच्या घरी कोण आहे? अडखळत वाचणारं पोर, तीच गोष्ट चौथ्यांदा सांगणारी सासू, दारं बंद करून बसलेला, काही बोलत नसलेला मुलगा? ती जागा रिकामी दिसते म्हणून कुदळ घालू नका. विचारा, आणि गप्प बसा. माया आहे ना? मग तिला दिवस द्या.

आता आरती. पण उठायच्या आधी आपण सगळे मिळून वीस मोजू, मनातल्या मनात. टाळ खाली ठेवा. बंडूतात्या, हात मांडीवर.

…

काकू, बसा. सातच झालेत. माझेही सातच झालेत.