दुपारनंतरचा बुधवार

हॅलो?… आई? हॅलो! हं, आता येतोय आवाज. त्या घंटा वाजवणाऱ्यांपासून जरा लांब हो आधी.

नाही, अजून आतच आहेत बाबा. ऑपरेशनला दोन तास म्हणाले होते डॉक्टर, तीन होऊन गेले… अगं, मला काय माहीत! दार बंद, वर लाल दिवा. मी नि वुत बाकावर बसून आहोत सकाळपासून.

हो, शुद्धीवर होते नेताना. म्हणाले, ‘आईला सांग, रडत धावत येऊ नकोस म्हणावं. आणि लग्नाची तारीख हलवायची नाही.’ छातीत कळ आणि तोंडात तारीख!… अगं, उद्याशिवाय रंगूनहून विमान नाही, कळतं मला. कोण दोष देतंय तुला? तुझी यात्रा तीन महिन्यांपूर्वी ठरलेली, बाबांना आजच पडायचं होतं त्याला तू काय—

काय केलंस?

परत सांग. सावकाश… नवस. बरं. श्वेडगॉन पॅगोड्यात. बरं. बाबांच्या जन्मवाराच्या कोपऱ्यात बुद्धांवर पाणी घातलंस. छान केलंस. आणि काय बोललीस?… कोण भिक्खू होणार?

वुत? माझा वुत?

आई, नऊ दिवसांवर लग्न आहे माझं! सात दिवस मठात राहील गं तो, त्याचं काही नाही. भादरतात त्याचं काय? नुसतं डोकं नाही, भुवयासुद्धा!… फेटा? भुवयांवर फेटा?… पेन्सिलीनं काढायच्या? वा! अख्खं लांपांग गाव जेवायला येणार आणि नवरा घामानं पुसला जाणार!

बरं, मुदत तरी लांबची?… ‘बाबा घरी यायच्या आत.’ धन्य आहे तुझी. त्याला विचारलंस? त्याच्या आईला?… तुला मुलगा नाही म्हणून जावयाला पुढे केलंस? अजून जावई झालासुद्धा नाही तो! शंभर उकडलेली अंडी बोलायचीस, फुलं बोलायचीस. सगळं जग तेच करतं…

मध्येच सुनी मावशी काय ओरडतेय?… गाईड काय म्हणते? नको, तिच्याकडे फोन नको देऊस, तूच सांग… बाबा बुधवारचेच की. दुपारी तीनचे. आजी शंभरदा सांगायची. आपल्याकडे दिवस मावळेपर्यंत एकच बुधवार… आणि त्यांच्याकडे? बाराला बदलतो? दुपारनंतरचा बुधवार वेगळा?… कोपरासुद्धा वेगळा, वाराचा प्राणीसुद्धा? बिनसुळ्यांचा हत्ती… आणि तू सुळेवाल्यापाशी…

अगं, म्हणजे भलत्याच कोपऱ्यात बोललीस तू! मग कसला तो नवस? लागूच नाही!… रडतेस काय, उलट सुटलो! वुत, ऐकलंस? वाचल्या तुझ्या भुवया! हसतोय बघ. आता शहाण्यासारखी सावलीत बस. आणि त्या दुसऱ्या कोपऱ्याकडे फिरकायचं नाही. शब्द दे मला. नाही, आधी शब्द—

एक मिनिट. सिस्टर आल्या. धर जरा.

…

आई. ऐक. रक्त थांबत नाहीये म्हणाल्या. अजून लागणार… वुत गेला द्यायला, बाही वर करतच गेला… नाही गं, काही सांगत नाहीत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी.

आई, तो बिनसुळ्यांचा हत्ती कुठे आहे?… विचार ना मावशीला! लांब? किती लांब?… मग पळ. तापू दे फरशी! पाय भाजले तर मी मलम लावीन, आत्ता पळ तू… हो, तेच बोल. डोकं, भुवया, सात दिवस, सगळं. घरी यायच्या आत… वुतचं मी बघते, तो नाही म्हणणार नाही. आणि माझंही घाल त्यात… केस. माझे केस! मीही मठात पांढरं नेसून बसेन सात दिवस… लग्न आहे ते कळतंय मला! दोघं बोडके उभे राहू. लोक हसतील तर हसू देत. बाबा समोर खुर्चीत बसलेले हवेत मला, बाकी काही नको…

पोचलीस? नीट बघ, सुळे नाहीत ना?… घाल पाणी. अगं, फोन नको ठेवूस, तसाच धर. मोठ्यानं बोल, मला ऐकू दे. बाबांचं नाव पूर्ण घे… आणि वेळ सांग, आई. दुपारी तीन. बुद्धांना म्हणावं, आमचं चुकलं, दुपारी तीन…

सांगितलंस ना?… हॅलो?… आई?