आयत्या वेळचा विषय

(नाहूर. करंबेळकरांचं घर, पाचवा मजला. पद्मजाकाकू भिंतीकडे तोंड करून उभ्या आहेत आणि आखडलेल्या उजव्या हाताची बोटं भिंतीवरून हळूहळू वर चढवत आहेत. फिजिओथेरपिस्ट दर्शनाने दिलेला व्यायाम; शेवटपर्यंत त्यांचं तेच चालू राहतं.)

बाळकाका: ...तर ठराव क्रमांक सात, बारा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. तुझ्या भाडेकराराला सोसायटीची ना-हरकत मिळणार नाही. तीस तारखेला फ्लॅट रिकामा.

दर्शना: काका, मीटिंग सात वाजता आहे ना?

बाळकाका: सात वाजता.

दर्शना: आणि आत्ता किती वाजलेत?

बाळकाका: पावणेसहा. म्हणून तर म्हणतो, अजून काहीही झालेलं नाही. तू काही ऐकलेलं नाहीस. चहा घेणार?

दर्शना: मीटिंगच्या आधीच मतं मोजलीत?

बाळकाका: इतिवृत्त मी नेहमी दुपारीच लिहितो. संध्याकाळी लोक ओरडतात, अक्षर बिघडतं. अकरा वर्षं सेक्रेटरी आहे, एकदाही फरक पडलेला नाही.

पद्मजाकाकू: एकदा पडला होता. पाटणकर सकाळी वारले आणि संध्याकाळी त्यांनी पाण्याच्या टाकीला अनुमोदन दिलं.

बाळकाका: ते नंतर दुरुस्त केलं मी.

पद्मजाकाकू: हो. विरोध केला, असं लिहिलंत.

दर्शना: काकू, खांदा वर उचलू नका, फक्त बोटं. कालची पेन्सिलची खूण कुठाय?

पद्मजाकाकू: कॅलेंडरच्या खिळ्याखाली. आज खिळा गाठणार आहे मी.

बाळकाका: दर्शना, इकडे लक्ष दे. वेळ कमी आहे. हा दुसरा कागद बघ. हमीपत्र. तू सही केलीस तर ठराव सात मागे घेतला, असंही एक पान मी लिहून ठेवलंय. दोन्ही तयार आहेत. तुझ्या सहीवर आहे सगळं.

दर्शना: वाचू? "मी, दर्शना तायडे, फ्लॅट २०३ मधील भाडेकरू, सोसायटीची लिफ्ट, जिना, गच्ची, व्यायामशाळा, पार्किंग व पंपरूम येथे कोणासही येशूविषयी काहीही सांगणार नाही." पंपरूम?

बाळकाका: तिथे प्लंबरला सांगितलंस तू. तक्रार क्रमांक अकरा.

दर्शना: तो वॉल्व्ह धरून उभा होता, काका. हात सोडला असता तर सगळीकडे पाणी झालं असतं. पळून जाऊ शकत नाही असा माणूस मला क्वचित मिळतो.

बाळकाका: हसू नकोस. सतरा तक्रारी आहेत. या वहीत प्रत्येक तक्रार मी स्वतः उतरवली आहे, तू काय बोललीस त्यासकट, शब्दशः. उपविधीत तसं आहे, की नेमकं काय झालं ते लिहायचं. तांदूळ वाटून धर्म बदलवतेस, अशा पण दोन आहेत.

दर्शना: तांदूळ? मी? दही लावायचं तर मी विरजणसुद्धा शेजाऱ्यांकडून मागून आणते.

बाळकाका: तसं शेरा म्हणून लिहिलंय मी. पण जयवंतराव ऐकत नाहीत. ते अध्यक्ष आहेत, ठराव त्यांचाच. आणि गेल्या शुक्रवारी ती चार पोरं गेटवर आली, तुझं नाव विचारत. धर्म बदलवते ती कुठे राहते म्हणून. जयवंतराव घाबरले. खरं सांगतो, मीही घाबरलो. मी इथे कडी लावून बसलो होतो.

पद्मजाकाकू: वरची पण लावली होती.

दर्शना: मला माहितीये. वॉचमनने मला फोन केला. मी खाली गेले.

बाळकाका: खाली? त्यांच्याकडे?

दर्शना: हो ना. ते मलाच शोधत होते, दुसरं कोण जाणार?

बाळकाका: मग?

दर्शना: मग एकाने विचारलं, काय सांगतेस लोकांना? म्हटलं, ऐका. तर सांगितलं.

बाळकाका: त्यांना? अगं वेडी आहेस का तू? भीतीबिती?

दर्शना: वाटली ना. उभं राहवेना म्हणून वॉचमनच्या स्टुलावर बसून सांगितलं. दोघं शिव्या देत निघून गेले. एकाने मोबाईलवर शूटिंग केलं, पूर्ण नऊ मिनिटं. चौथ्याचा गुडघा दुखत होता, त्याला व्यायाम लिहून दिला.

पद्मजाकाकू: म्हणजे आता ते शूटिंग फिरत असेल गावभर. तुला आयतंच झालं.

बाळकाका: पद्मजा, कृपा करून मोज तू. दहापर्यंत. दर्शना, मला एक सांग. तुझ्या घरचे काय म्हणतात? भांडुपला असतात ना?

दर्शना: आई असते. आमच्याकडे रोज बुद्धवंदना होते, काका. मी सांगितलं तेव्हा आई सहा महिने बोलली नाही. मग एक दिवस विचारलं, आपल्याकडे काय कमी होतं गं? म्हटलं, काही कमी नव्हतं. तरी मला जे मिळालं ते खोटं बोलून लपवू का? आता बोलते. सुकटीची चटणी पाठवते. येशूचं नाव घेत नाही, "तुझे ते" म्हणते.

बाळकाका: मग इथेही थोडं तसंच कर ना. मनात ठेव. मनावर ठराव नाही आमचा. थांब, फोन. जयवंतराव... हो... हो, आहे इथेच... सही? होतेय... नाही, समजावतोय... सात म्हणजे सात. हो. ठेवतो.

दर्शना: काका, मला कोणी सांगितलं माहितीये? आमच्या हॉस्पिटलच्या शकुमावशीने. लादी पुसायच्या. त्या दिवशी माझ्या हातून एक पेशंट पडला होता. मी हात सोडला त्यांचा, फोन बघायला. एक सेकंद. खुब्याचं हाड गेलं त्यांचं. मी राजीनामा लिहून निघाले आणि लिफ्ट अडकली. मी, शकुमावशी आणि फिनेलची बादली. पंचवीस मिनिटं.

बाळकाका: म्हणून तू लिफ्टमध्येच सांगतेस होय.

दर्शना: मी रडत होते. त्यांनी विचारलं, माफी मिळाली तर घेशील का? म्हटलं, कोण देणार? तेव्हा त्यांनी सांगितलं, येशू तुझ्या जागी मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, म्हणजे त्याची सही चालते. असंच म्हणाल्या. मावशींना पण नोकरीवरून काढतील अशी ताकीद होती, पेशंटना सांगते म्हणून. त्या गप्प राहिल्या असत्या तर मी आज... जाऊ दे. मी नाही सही करणार, काका.

बाळकाका: घर जाईल.

दर्शना: कळतंय.

बाळकाका: या भाड्यात नाहूरला परत मिळणार नाही. एकटी मुलगी, त्यात तुझं हे. कोण देणार?

दर्शना: ते पण कळतंय. काल तीन दलालांशी बोलले. एकाने फोन ठेवला, एकाने मुलुंडला पार्किंगवरची खोली दाखवतो म्हटलं.

बाळकाका: तिसरा?

दर्शना: त्याला सांगायला लागले तर म्हणाला, मॅडम, ट्रेन आली.

पद्मजाकाकू: खिळा! अहो, खिळा लागला हाताला!

दर्शना: झकास, काकू! तिथेच धरा. दहा अंक. श्वास सोडा.

बाळकाका: दर्शना. एक... कार्यालयीन स्वरूपाची शंका होती.

दर्शना: विचारा ना.

बाळकाका: ही वही. तक्रार क्रमांक तीन, गंधाली, ट्रेडमिल. तू सांगत होतीस की एका माणसाला दोन मुलगे. धाकटा वाटणी मागून दूर देशी गेला. इथे तिने ट्रेडमिल बंद केली, कारण त्यांच्या घरात वाटणीचा विषय चालू आहे. बरोबर?

दर्शना: बरोबर. येशूने सांगितलेली गोष्ट आहे ती.

बाळकाका: पुढे तक्रार क्रमांक आठ, जयवंतराव, लिफ्ट. मुलाने सगळं उडवलं, दुष्काळ पडला, तो डुकरं राखायला लागला आणि त्यांच्या शेंगा खाव्याशा वाटल्या. इथे सातवा मजला आला. जयवंतराव उतरले.

दर्शना: हो. दार बंद झालं.

बाळकाका: त्याला आज तीन आठवडे झाले. मुलगा डुकरांतच आहे.

दर्शना: काका?

बाळकाका: पुढच्या भागाची तक्रारच कोणी केलेली नाही! मी रोज वही उघडतो. क्रमांक नऊ तांदूळ, दहा तांदूळच, अकरा प्लंबर, त्याला तू वेगळंच काही सांगितलंस. शेवट कुठेच नाही. रेकॉर्ड अपुरं आहे. झोप लागत नाही मला अपुऱ्या रेकॉर्डने.

पद्मजाकाकू: मला माहितीये शेवट.

बाळकाका: तुला? कधीपासून?

पद्मजाकाकू: तीन आठवडे झाले. खांद्याच्या दुसऱ्या सेटला सांगितला हिने.

बाळकाका: आणि तू मला बोलली नाहीस?

पद्मजाकाकू: मी सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, मुकुलसाठी सांगतेय.

दर्शना: मुकुल कोण?

पद्मजाकाकू: आमचा मुलगा. कुर्ल्याला राहतो. सहा स्टेशनं आणि दोन वर्षं.

बाळकाका: त्याचा या विषयाशी संबंध नाही.

पद्मजाकाकू: कोकणातली जमीन विकायला लावून हॉटेल काढलं, ते बुडालं. त्यावरून यांची बोलणी खाल्ली आणि भर वार्षिक सभेत उभा राहून म्हणाला, माझा बाप माणूस नाही, नोटीस बोर्ड आहे.

बाळकाका: ते इतिवृत्तात आहे. पान बेचाळीस.

पद्मजाकाकू: स्वतःच्या हाताने लिहिलं यांनी. पुढे "टाळ्या" असं पण लिहिलं.

बाळकाका: टाळ्या पडल्या होत्या.

पद्मजाकाकू: दोन दिवाळ्या तो गेटवर आला. यांच्या मोबाईलवर गेटचं ॲप वाजलं, मुकुल करंबेळकर आले आहेत, आत सोडायचे का? दोन्ही वेळा यांनी "नाही" दाबलं. फराळ वॉचमनने खाल्ला.

बाळकाका: दर्शना, शेवट सांग. पण लक्षात ठेव, तू सांगितलंस तर हे सोसायटीचं आवार आहे आणि मी सेक्रेटरी आहे. मला तक्रार क्रमांक अठरा लिहावी लागेल.

दर्शना: लिहा. पेन आहे ना?

बाळकाका: आहे.

दर्शना: मुलगा शुद्धीवर आला. म्हणाला, बापाच्या घरी नोकर पोटभर जेवतात आणि मी इथे मरतोय. जातो आणि सांगतो, मुलगा म्हणू नका, नोकर म्हणून ठेवा. निघाला. तो अजून लांबच होता, तेवढ्यात बापाने त्याला पाहिलं आणि धावला.

बाळकाका: कोण, मुलगा?

दर्शना: बाप.

बाळकाका: बाप धावला? वय काय होतं?

दर्शना: म्हातारा होता. मोठा, मानाचा माणूस. त्या काळी असे लोक धावत नसत, लोक हसायचे. तरी अंगरखा वर धरून धावला. मुलाने पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली, तर त्याला पुरं बोलूही दिलं नाही. गळ्यात पडला.

बाळकाका: माफीनामा लिहून घेतला नाही?

दर्शना: नाही.

बाळकाका: हमीपत्र?

दर्शना: नाही, काका. नवे कपडे, अंगठी आणि जेवण. हा बाप म्हणजे देव, असं येशू सांगत होता. आणि नुसतं सांगून थांबला नाही. तो धावत आपल्यापर्यंत आला, क्रुसापर्यंत. एवढंच माझं शुभवर्तमान आहे. लिफ्टमध्ये याहून जास्त मावत नाही.

बाळकाका: इथे संपलं?

दर्शना: अजून मोठा भाऊ आहे. कधी नियम मोडला नाही असा. तो रागावून बाहेर उभा राहिला, मेजवानीला आत येईना. बाप त्यालाही बोलवायला बाहेर आला.

बाळकाका: मग तो आत गेला का?

दर्शना: ते येशूने सांगितलंच नाही.

बाळकाका: म्हणजे हेही रेकॉर्ड अपुरं.

पद्मजाकाकू: अहो, मुकुल रविवारी येतोय. अकराला. मीच बोलावलंय. मोबाईल वाजेल तुमचा.

दर्शना: काका, साडेसहा झाले.

बाळकाका: आपल्या आवारात धावायला मनाई आहे. नियम चौदा. बोर्ड मीच लावलाय. गेटपासून लिफ्टपर्यंत बेचाळीस पावलं होतात.

दर्शना: काय लिहिताय? तक्रार?

बाळकाका: आयत्या वेळचा विषय. अध्यक्षांच्या परवानगीने घेता येतो. जयवंतराव परवानगी देणार नाहीत आणि बारा विरुद्ध शून्य हे तर मी आधीच लिहून बसलोय. तरी अर्ज द्यायला बंदी नाही. अक्षर बिघडतंय माझं. तू वाच बरं, मोठ्याने.

दर्शना: "प्रति, माननीय अध्यक्ष. विषय: नियम चौदा शिथिल करणेबाबत. महोदय, येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता अर्जदार, वय एकोणसत्तर, यांस लिफ्टपासून गेटपर्यंत धावण्याची एकवेळ परवानगी मिळावी. अर्जदारास धावण्याचा सराव नसल्याने सोबत फिजिओथेरपिस्ट असणे आवश्यक आहे. सबब फ्लॅट २०३ च्या भाडेकरू दर्शना तायडे यांना अकरा महिन्यांची ना-हरकत द्यावी, आणि धावताना त्या जे काही बोलतील ते तक्रार समजू नये, ही नम्र विनंती."