रक्त साळूचं, सभा पुण्याची

...आता मला एक सांगा राव, 'सभा सगळ्यांसाठी खुली हाये' म्हणजी नक्की कोणासाठी? नाय, मी भांडत नाय, मला कळतच नाय... खुली हाये म्हणूनच शिनोलीवरनं सकाळची पयली यष्टी धरून पुण्याला गेलो ना मी?

झालं काय, गेल्या साली इद्यापीठाची माणसं गावात आली, बायांच्या रक्ताचा अभ्यास करायला. आमची साळू, म्हणजी आमची मंडळी, तिला तवा उठता-बसता चक्कर यायची. म्हणलं दे रक्त, फुकटात कळंल काय ते. आता शेजारच्या कुशाबाई आन् लंकाबाई, नाव दिऊन बसल्या आन् सुई बघून भ्याल्या. म्हणल्या, "साळू, आमच्याबी नावानं तूच दे की." तुमाला सांगतो, आमच्याकडं यात वावगं काय नाय, ग्रामसभेलाबी एक जण जातो आन् आख्ख्या आळीच्या सह्या करून येतो. साळूनं पदर खाली वढला, तीनदा रांगंत उभी राह्यली, तीनदा रक्त दिलं, तीन बिस्कीटपुडे घिऊन घरी आली. अभ्यास करणाऱ्या वृषालीबाई म्हणल्या व्हत्या, महिन्यात रिपोर्ट देऊ.

वरीस गेलं, चक्कर हाये तिथंच. फोन लावला तर बाई रडकुंडीला. "काका, रिपोर्ट अडकलाय हो. आमची नैतिकता समिती ठरवणार. तुम्ही या ना, सभा सगळ्यांसाठी खुली आहे." आता नैतिकता कोणाची, आमची का त्यांची, ते इचारायचं राह्यलंच बघा.

गेलो. खुर्ची दिली, चहा दिला, सहीला वही फिरली. मी आपल्या सवयीनं माझी केली, साळूची केली, कुशाबाई, लंकाबाई, आळीतला गेणभाऊ... पाच सह्या. मंग दीड तास आयकलं. सशांना किती टोचायचं, होस्टेलची पोरं किती झोपत्यात... सशांची चौकशी तर अशी, सासरी गेलेल्या लेकीची करावी तशी. आन् मंग निघालं आमचं. मोठं साहेब म्हणलं, "नमुना नंबर सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. तीन महिलांचं रक्त तंतोतंत सारखं कसं? संशोधिकेनं बनवाबनवी केलीय का?" वृषालीबाईंनी मान खाली घातली. आमच्यापायी पोरीची नोकरी जायची वो. उठलो, म्हणलं, "सायेब, तिन्ही आमची..."

"थांबा. नाव घेऊ नका. महिलांची माहिती गोपनीय आहे."

"आवो, माझीच बायको हाये."

"म्हणूनच."

म्हणूनच काय? मला आजून उलगडलं नाय. म्हणलं, सभा सगळ्यांसाठी खुली हाये ना? सायेब म्हणलं, "आहेच की, फक्त हा विषय सोडून." वही बघितली आन् म्हणतंय, "बाहेरच्या पाचही जणांनी बाहेर थांबावं." मी मागं बघितलं, मागं कोण नाय. पाच जणांच्या वतीनं मी एकलाच उठलो.

भाईर शिपाई म्हणला, "अर्ज द्या, पुढच्या सभेत घेतील. अर्जात नाव मात्र लिहू नका, गोपनीय आहे." आता बिननावाचा अर्ज लिव्हायचा कसा? कोरा कागद घिऊन घरी आलो. साळूनं दारातच इचारलं, "काय निघालं माझ्या रक्तात?" म्हणलं, "सशांचं सगळं झ्याक हाये."

समितीनं काय ठरवलं, तर तिघींचं रक्त परत घ्यायचं. गुरवारी वृषालीबाई आल्या. मी कुशाबाईला म्हणलं, आता तरी आपापलं द्या. तर ती काय म्हणती, "आवं, मागचं आन् आताचं जुळाया नको? नाय जुळलं तर बिचारी पोरगी खोटी पडंल." आन् आमची साळू, तिलाबी पटलं. पदर वढून रांगंत. मी धावलो, "वृषालीबाई, जरा आयका..." बाईंनी कानावर हात ठिवले. "काका, नाव नको. समितीनं सांगितलंय, माझ्यासमोर फक्त नंबर. तुम्ही बाहेर थांबा."

थांबलो. सवय झालीया आता. साळू तीन पुडे घिऊन आली आन् मटकन खाली बसली. म्हणली, "आवं, औंदा तरी कळंल का मला काय झालंय?"

म्हणलं, "कळंल की... सभा सगळ्यांसाठी खुली हाये."