शेवटची ओळ

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसलो होतो. काउंटरमागे नजर तपासणारी ताई आणि नंबर देणारी मुलगी बोलत होत्या. आवाज काही हळू नव्हता.

"ताई, आलं का डॉक्टरांचं नवीन पुस्तक?"

"डॉक्टरांचं कसलं! खास आपल्यासाठी आहे, दवाखान्यातल्या स्टाफसाठी. पंधरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला आपली आठवण झाली!"

"एवढं काय आहे त्यात?"

"अगं, हे बघ. नेहमीचे पेशंट तक्ता पाठ करून येतात म्हणे. म्हणून ओळ उलटीकडून वाचून घ्यायची."

"अय्या! म्हणजे आपले बसवाले काका?"

"मलाही तेच आठवले! दरवर्षी पाढे म्हटल्यासारखे घडाघडा म्हणतात, आणि मी आपली खूश होऊन त्यांच्या फॉर्मवर डॉक्टरांची सही आणून देते."

"शाळेची बस चालवतात ना ते? ताई, माझी भाची असते त्या बसमध्ये!"

"म्हणून तर हात शिवशिवतायत माझे! आज आलेत ते. पुढचा नंबर त्यांचाच."

"मी पण येऊ बघायला?"

"ये की! थांब, आधी डॉक्टरांना सांगून येते."

माझ्या शेजारी बसलेल्या खाकी शर्टातल्या काकांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. समोर तपासणीच्या खोलीचं दार उघडंच होतं.

"साहेब, तो तक्ता दिसतो का तुम्हाला इथून?"

"दिसतो की."

"मग शेवटची ओळ जरा उलटीकडून वाचा. दोनदाच. तेवढ्यात पाठ होते माझी."