लिफ्टचा ब्रेक आणि माझं तोंड

नाही, मला एक सांगा, खरं बोलणं हा गुन्हा आहे का? बावीस वर्षं लिफ्टच दुरुस्त करतोय मी! तुम्हाला सांगतो, एका कंपनीच्या लिफ्टचा ब्रेक झिजतो, वर जाताना किरर्र आवाज आला तर बसू नका, मशीन गच्चीवर असतं, आतून कुणाच्या बापाला दुरुस्त होत नाही... बस, एवढा दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकला इंटरनेटवर. दुसऱ्या दिवशी उघडतो तर काळी पाटी! "स्थानिक कायद्यानुसार हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही."

वेबसाइटवाल्यांना फोन लावला, म्हटलं, खोटं काय आहे त्यात? तर पलीकडून मधाळ आवाज, "सर, खरं-खोटं आम्ही बघत नाही. कंपनीने बदनामीची तक्रार केली, तुमच्या इथल्या कायद्याने नोटीस आली, आम्ही झाकलं." झाकलं म्हणे! पातेलं आहे का ते? आणि झाकलं कुठे, तर फक्त इथे! म्हणजे सीमेपलीकडे माझं तोंड चालू, घरात बंद... पासपोर्ट काढू का जिभेचा?

परदेशातली बहीण खिदळतेय, "दादा, काय दिसतोस रे! दोन लाख लोकांनी पाहिला!" अगं, पण त्यांच्याकडे ही लिफ्टच नाही! ते लिहितायत, "धन्यवाद, सावध केलंत." आणि त्याच लिफ्टने माझी सख्खी आत्या रोज सातव्या मजल्यावर जाते, तिला? तुमच्या देशात उपलब्ध नाही!

तळपायाची आग मस्तकात गेली. तडक आत्याची इमारत गाठली. ती खालीच, लिफ्टच्या दारात. म्हटलं, जिन्याने चल. "आणि गुडघे काय तुझे लावू? दाखव तो व्हिडिओ, मग मानते." दाखवू काय, कपाळ? फोनमधला तर टाकल्या टाकल्या पुसला होता मी! शेवटी बहिणीला व्हिडिओ कॉल लावला, तिने तिकडे एका फोनवर माझा व्हिडिओ लावून दुसऱ्या फोनसमोर धरला. आत्याने अर्धाच पाहिला अन् चष्मा काढला. "अरे वेड्या, हे तिकडच्या लिफ्टचं आहे! इथल्या लिफ्टचं असतं तर इथे दिसलं नसतं का?"

आता डोकं कुठे आपटू, सांगा! ती सरळ लिफ्टमध्ये शिरली. एकटीला कसं सोडणार? अवजारांची पिशवी घेऊन मीही आत. दार लागलं... किरर्र! आत्या म्हणते, "घाबरतोस काय? अडकलो तर तू आहेस ना दुरुस्त करायला!"

मशीन गच्चीवर असतं हो, आत्या... सांगितलंय मी ते, उरलेल्या अर्ध्यात. पण काय करता... तुमच्या देशात उपलब्ध नाही!