अर्धा नैवेद्य आणि रॅम

स्मरणही देणाऱ्या आणि विस्मरणही देणाऱ्या त्या पांडुरंगाला वंदन करून सांगतो.

परवा औरंगपुऱ्यातील घरी मी सायंकाळच्या कीर्तनाचे निरूपण संगणकावर टंकत होतो. कीर्तनासाठी कन्नड गावी नेणारी जीप दाराशी उभी होती. शेवटची ओळ राहिली आणि लाइट गेली. परत आली तेव्हा निरूपण नाहीसे झालेले!

मी घाबरून शेजारच्या शफीकला बोलावले. त्याचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे.

"काका, सेव्ह केलं होतं ना?"

"अर्धा नैवेद्य देवापुढे ठेवतात का? पूर्ण झाल्यावर करणार होतो."

"या अल्ला! मग सगळं रॅममध्येच, तात्पुरत्या मेमरीतच होतं. लाइट गेली की रॅम कोरी."

"न विसरणारी, दुसऱ्या जातीची रॅम नसते का?"

"असते की. तुमची डायनॅमिक, तिला क्षणाक्षणाला उजळणी लागते, नाय तर लाइट असतानाही विसरते. स्टॅटिकला उजळणी लागत नाय, पण ती लई महाग, अन् लाइट गेल्यावर तीबी कोरीच."

बाहेर हॉर्न वाजू लागला. मी येरझारा घालत होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमची गृहलक्ष्मी म्हणाली, "प्रत्येक ओळ मोठ्यानं म्हणत टंकत होतात. माझं पाठ झालंय. बसा, सांगते."

दोन ओळी सांगून ती थांबली. "आता सेव्ह करा."

"अगं, पण अर्धवट..."

"अर्धवट शिजलेल्या भातावरही झाकण ठेवावंच लागतं!"

मी निमूटपणे सेव्ह केले.

ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी देव दिवा तेवता ठेवो, आणि वेळेवर झाकण ठेवणारे माणूसही देवो.