तोटा बघायला आलेले साहेब

—बघायला? तोटा बघायला आलात? अहो, तोटा बघायला कुणी येतं काय? मुलगी बघायला येतात, जागा बघायला येतात. तोटा बघायला आलेले तुम्हीच पहिले. या, आत या. बूट राहू द्या — नको, काढाच, आत कापड पसरलेलं असतं. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, या इकडे बसा. तर तोटा बघायचाय. कुणी सांगितलं आमचा तोटा आहे म्हणून? गौरम्माने? पलीकडच्या घरातल्या गौरम्माने? तिला काय कळतंय त्यातलं! हे बघा साहेब, मी एसएसएलसी शिकलेली बाई, फार काही मला समजतं असं नाही. पण इतकं समजतं की इन्कम टॅक्सचा माणूस दारात उभा राहून 'मी इन्कम टॅक्सचा' असं कधी सांगत नाही. तो शेजारणीचं नाव सांगतो, बगलेत रेक्झिनची बॅग असते, आणि म्हणतो, सहज आलो होतो. — हसताय. हसा. मराठी बरी बोलता हो, पण शब्द जरा तोडून, कानडी हेल आहे. बेळगावकडचे काय? असणारच. मराठी बाईकडे जायचं म्हणून मुद्दाम मराठी जाणणारा माणूस पाठवला असेल. कळतं मला.

मला जयतीर्थ रावांनी आधीच सांगून ठेवलंय. आमचे टॅक्सचे कागद भरतात ते — तुम्हाला ठाऊकच असतील. म्हणाले, वहिनी, या साली आपण तुमच्या नफ्यातून जुना तोटा वजा केलाय, तेव्हा धंदा खरंच चालू आहे की नाही ते बघायला कुणी येईलसुद्धा. आलं तर विचारलं तेवढंच सांगायचं, एक शब्द जास्त नाही. सरी, बरं, म्हटलं. म्हणून मी काही बोलणार नाही. तुम्ही विचारा. — काय बघताय खिडकीतून? मागे काही नाही. मागे न्हाणी आहे आणि गौरम्माच्या शेवग्याची फांदी. एकच आहे, मोजू नका.

आणि मशीन बंद दिसतंय म्हणून लगेच काही लिहून घेऊ नका. अहल्या आणि रंजिता, माझ्याकडे कामाला येतात त्या दोघी, आज माल घेऊन व्हाइटफील्डला गेल्यात. तिकडे नवी शाळा निघालीय, कॉम्प्युटरवाल्यांची मुलं येतात, हिरवे टाय, हिरवे बेल्ट, वर सोनेरी बिल्ला. बाहेर पाटी वाचलीत ना? 'बिंदुमाधव टाय वर्क्स'. बिंदुमाधव म्हणजे आमचे हे. चार वर्षं झाली जाऊन. पाटी बदलली नाही, बदलायची नाही असंच जयतीर्थ राव म्हणाले. तोच धंदा, तीच पाटी. मशीनवर कुंकू आहे ते आयुधपूजेचं, धूळ नव्हे. बोट फिरवून बघा हवं तर. — बघा म्हटलं ना. बघितलंत? सरी.

तोटाच बघायचा तर या ट्रंकेत आहे. थांबा, कडी घट्ट आहे. — हा बघा. मरून टाय. आता दोनशेसुद्धा नसतील, तेव्हा सहा हजार होते. एक्क्याण्णव सालची गोष्ट. मोठ्या शाळेची ऑर्डर, तोंडी, कागद नाही. यांचा स्वभावच तसा, शब्दाला शब्द. कापड आणलं, बायका लावल्या, गणपतीतसुद्धा मशीन बंद नाही. आणि पुढच्या जूनमध्ये शाळेत नवे हेडमास्तर आले, म्हणाले मरून जुनाट दिसतो, निळा पाहिजे. झालं. निळा म्हणजे निळा. हे तिथे व्हरांड्यात बसून आले तीन दिवस. चौथ्या दिवशी घरी येऊन हात धुतले आणि म्हणाले, जेवायला वाढ. बाकीचे टाय रद्दीच्या भावात गेले, गोधड्या शिवणाऱ्यांनी नेले. म्हणून सांगते, तोटा खरा आहे साहेब. कागदावर तयार केलेला नाही. हात लावून बघा, हा तोटा मऊ आहे.

पण हे हिशेबाचे पक्के. अंगात ताप होता तरी ऑगस्ट संपायच्या आत जाऊन तोट्याचा कागद भरून आले. मी म्हटलं, नफाच नाही तर टॅक्स कसला आणि कागद कसला? तर म्हणाले, वेडे, वेळेत सांगितला तरच तोटा आपला. मग पुढे नफा झाला की त्यातून वजा करता येतो, उरला तर पुढच्या सालात ओढायचा. आठ सालं ओढता येतो, नववं लागलं की गेला. आणि ती गोल शिक्क्याची पोच माझ्या हातात दिली, म्हणाले, सांभाळ. देवाच्या कपाटात आहे. दाखवते — नाही, दाखवणार नाही, तुम्ही मागितलेली नाही. विचारलं तेवढंच.

आणि यांच्या मागे तो तोटा माझ्याकडे आला. मला आधी हे खरंच वाटेना. तोटाही वारसाने येतो! दुसऱ्या कुणाला विकलात तर नाही चालत, दिलात तर नाही चालत, पण वारसाला चालतो. लोकांना नवऱ्यामागे घर मिळतं, दागिने मिळतात, मला तोटा मिळाला. — नाही, मी रडत नाही, ट्रंकेत डांबरगोळ्या आहेत त्याचा वास. फक्त एक अट. धंदा चालू राहिला पाहिजे. बंद पडला की तोटाही गेला. तोटा जिवंत ठेवायचा तर धंदा जिवंत ठेवायचा. आणि तो आहे. आहे ना? तुम्ही बघताय ना?

मग मधल्या काळाचं कुणी काय सांगितलं असेल तर ते खोटं. गौरम्मानेच सांगितलं असणार. आमच्याकडे फोन नाही, माझी लेक भार्गवी पुण्याहून फोन करते तो त्यांच्या हॉलमध्ये येतो. तिथे उभं राहून बोलायचं, टीव्ही चालू, म्हणून मोठ्याने. मी भार्गवीला सांगते, अगं, बाबांचा तोटा आहे, मोठा आहे, मी एकटीने सांभाळलाय, दोन वर्षांत सगळा कामाला लावायचा, नाहीतर सरकार घेऊन टाकेल. आणि गौरम्मा तिकडे शेंगा सोलत ऐकत असते. तिला मराठीतलं स्वल्प कळतं, सगळं नाही. पण तेव्हापासून तिचं बोलणंच बदललं. उगादीला मी दुकानातून नारळ आणले तर हसून म्हणते, एवढं असून नारळ विकत आणता, अक्का? एवढं म्हणजे काय एवढं? तेव्हाच माझ्या मनात आलं, हिला कुणीतरी विचारून जातंय.

तर मधल्या काळाचं. दीड वर्ष. हे गेले आणि दीड वर्ष मशीन — चालू होतं. म्हणजे — चालूच होतं. दर महिन्याला एक बिल आहे, बिलबुक दाखवते, सगळी आहेत, अठरा बिलं. एकेक टाय. गिऱ्हाईक? गिऱ्हाईक गुंडू भावोजी. यांचे धाकटे भाऊ, मल्लेश्वरमला पौरोहित्य करतात. — का हो, भटजीने टाय घेऊ नये असा कायदा आहे काय? अठरा टाय घेतले. धोतर नेसतात, घेतले तरी. पैसे दिले का? म्हणजे ते द्यायला तयार होते. मीच म्हटलं, राहू द्या, आणि माझ्या डब्यातले गल्ल्यात टाकले. एका हातातून दुसऱ्या हातात. त्याला काय विक्री म्हणत नाहीत?

आणि मशीनचा आवाज गौरम्माने ऐकला की नाही ते तिला विचारा. दर शुक्रवारी दुपारी अर्धा तास. तिने एकदा भिंतीवरून विचारलंसुद्धा, काय शिवता एवढं? मी म्हटलं, टाय. — साहेब, आता हे तुम्ही लिहू नका. लिहू नका हं. मी बसायची मशीनवर, पाय चालवायची, चाक फिरायचं. पण दोरा नसायचा. दोरा घालायला हातच जायचा नाही. शेवटचा दोरा यांनी घातलेला होता, मरून, तो मी काढून ठेवला होता, आणि दुसरा घालवेना. सुई वर-खाली, वर-खाली, खाली कापड धरलेलं, नुसती भोकं पडायची. अर्धा तास. चालू आहे हे ऐकू जावं म्हणून. पुढे व्हाइटफील्डची ऑर्डर आली तेव्हा हिरवा घातला.

घ्या. सांगून टाकलं सगळं. जयतीर्थ रावांनी कपाळावर हात मारला असता. आता तुम्ही लिहिणार, अठरा महिने धंदा बंद होता. मग तोटा गेला, आणि तो वजा केला म्हणून वाचलेले अठरा हजार परत भरा. ते नाहीत, साहेब. ते त्या नव्या मशीनमध्ये गेले, ते कोपऱ्यातलं, बिल्ल्याचं. ते विकलं तर हिरवी ऑर्डर गेली, अहल्या आणि रंजिता गेल्या, पाटी गेली. हेडमास्तरांनी एकदा बंद केला होता धंदा, आता तुम्ही करा. — अहो, बोला की काहीतरी! मघापासून मान हलवताय. ते काय काढलंत बॅगेतून? नोटीस? द्या. थांबा, चष्मा.

काय आहे हे? महांतेश. होसकोटे रस्ता, व्हाइटफील्ड. तोट, शेतजमीन, साइट — घेणे व देणे.

तोट.

— किती एकर? कसलं किती एकर?

अग बाई. अठ्ठावीस वर्षं झाली मला बेंगळुरात येऊन. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी कानडीतच बोलते मी. तोट म्हणजे बाग, हे मला ठाऊक नाही? नारळीचं तोट, सुपारीचं तोट. पण डोक्यात सहा वर्षं एकच तोटा बसलेला, दुसरा शिरायला जागाच नव्हती. म्हणजे गौरम्माला वाटलं, आमच्या यांनी माझ्यासाठी मोठी बाग ठेवलीय. सरकार घ्यायला टपलंय. आणि तुम्ही ती विकत घ्यायला आलात. आणि मी तुम्हाला ट्रंक उघडून — अठरा बिलं — गुंडू भावोजी — दोऱ्याचं तर मी भार्गवीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

हसू नका. आता हसू नका हं महांतेश अण्णा. बाग नाही. एक झाड नाही. उठा आता. — थांबा. बसा. कार्डाचं काय, चाळीस रुपयांत शंभर छापून मिळतात. उद्या कळलं की तुम्ही तेच होतात, तर? आणि नसलात, तरी रोज दहा लोकांत उठबस तुमची, कुठे गमतीने सांगितलंत, तर? ते काही नाही. यातला एक मरून टाय घ्या. तीस रुपये. हो, घ्यायलाच पाहिजे. बूट घालता, टायही घाला. सुटे नसले तर मी देते. — हे घ्या बिल. आजची तारीख, तुमचं नाव, माझी सही. तुम्ही जमीनवाले असलात तर गिऱ्हाईक झालात. आणि साहेब असलात तर हेच बिल फायलीला लावा, धंदा चालू होता, तुम्ही स्वतः माल नेलात, आणि या खेपेला तीस रुपये माझ्या डब्यातले नव्हते.

गौरम्माला काय सांगायचं? काही सांगू नका. असू दे तिच्या मनात बाग. चला, बूट घाला. जाताना दार ओढून घ्या, मला मशीनवर बसायचंय.

— हो हो. दोरा घालून.